जुनी ऑक्टेव्हिया व्हीआरएस: कोड उडवला तरी चेक इंजिनचा दिवा आठवड्याभरात परत

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे आपली केस हीच आहे का ते बघता येईल. गाडी ऑक्टेव्हिया व्हीआरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, २० व्हॉल्व्हचं इंजिन, १५० अश्वशक्ती. सकाळी थंड असताना एकदम शहाणी. गरम झाल्यावर फोंड्याच्या सर्कलला थांबलात की आरपीएमचा काटा वर-खाली झोके घ्यायला लागतो, एसी लावलेला असेल तर कधी बंदही पडते. चोर्ला घाटात ट्रकला मागे टाकायला तिसऱ्यात दाबली की क्षणभर दचकते आणि मग पळते. आणि चेक इंजिनचा दिवा. स्कॅनर लावला की कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

पुढचा कार्यक्रम ठरलेला. मेस्त्री ऑक्सिजन सेन्सर बदलतो, कोड उडवतो, गाडी मख्खन. आठ दिवसांनी दिवा परत. मग एअर फ्लो मीटर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, बदलतो. पुन्हा मख्खन, पुन्हा दिवा. मग प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीची सफाई. खिसा रिकामा होतो, आजार तसाच राहतो.

प्रत्येक वेळी काही दिवस बरं का वाटतं, हे कळलं की निम्मं कोडं सुटतं. इंजिनचा कंप्युटर, ज्याला सगळे ईसीयू म्हणतात, धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघत पेट्रोल सतत कमी-जास्त करत असतो. ही दुरुस्ती रोजचीच आहे असं दिसलं की ती कायमची लक्षात ठेवतो. याला फ्युएल ट्रिम म्हणतात. कुठूनतरी चोरून हवा शिरत असेल तर ट्रिम चढत जाते, तीन टक्के, सात टक्के, नऊ टक्के, आणि मर्यादेला टेकली की दिवा लागतो. आता कोड उडवला किंवा बॅटरी काढली की शिकलेलं सगळं पुसलं जातं, ट्रिम शून्यावर येते. चोरटी हवा तशीच शिरत असते. पण मर्यादा गाठायला तिला परत आठवडा लागतो. तेवढे दिवस श्रेय नव्या सेन्सरला मिळतं.

म्हणून गॅरेजात गाडी दिलीत तर एकच विनंती करा.

‘मेस्त्री, कोड उडवायच्या आधी बत्तीस नंबरचा ब्लॉक जरा दाखवा.’

‘कशाला? नवीन सेन्सर घातला ना मी.’

‘असू दे हो, मला फोटो काढून ठेवायचाय.’

फोटो काढाच. सगळं निदान त्या दोन आकड्यांत आहे.

दोन आकडे

या इंजिनाला फोक्सवॅगन घराण्याचं सॉफ्टवेअर लागतं. जुनी केबल आणि लॅपटॉप असेल तर उत्तम. ईएलएम ३२७चे, म्हणजे मोबाइलवर कोड वाचणारे, स्वस्त ब्लूटूथ डबे या गाडीचा जुना प्रोटोकॉल कधी ओळखतात, कधी नाही. ओळखला तरी आकडे सावकाश येतात. इंजिन मॉड्यूल, मेझरिंग ब्लॉक ०३२. पहिला आकडा आयडलच्या (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिमचा, दुसरा चालत्या गाडीच्या ट्रिमचा. दोन्ही उणे दहा ते अधिक दहाच्या आत असावेत. घराण्याचे स्वतःचे कोड दिसत असतील तर काम आणखी सोपं: पी ११३६ म्हणजे आयडलची ट्रिम मर्यादेपार, पी ११२८ म्हणजे चालत्या गाडीची. साध्या स्कॅनरला बहुतेक वेळा नुसता ०१७१ दिसतो आणि हा फरकच हरवतो.

फरकाला महत्त्व का, ते हिशेबाने बघा. आयडलला हे इंजिन सेकंदाला साधारण तीन ग्रॅम हवा घेतं. फाटक्या पाइपातून अर्धा ग्रॅम चोरून शिरला तर ती सतरा टक्क्यांची गडबड झाली. तीच गाडी रस्त्यावर सेकंदाला चाळीस ग्रॅम घेत असताना अर्ध्या ग्रॅमला कोण विचारतो? म्हणून पहिला आकडा भरपूर चढलेला आणि दुसरा शून्याजवळ असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांच्या) बाजूला गळती आहे. पहिला ठीक आणि दुसरा चढलेला, तर एअर फ्लो मीटर कमी हवा मोजतोय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. दोन्ही चढलेले असतील तर आधी एक वेगळीच गोष्ट ध्यानात घ्यायची, ती म्हणजे पेट्रोल.

२०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२०ला साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागतं. आपली गाडी जुन्या पेट्रोलच्या हिशेबावर बसवलेली, तेव्हा काहीही फाटलेलं नसताना ट्रिम पाच-सहाच्या वर बसलेली दिसेल. ही गळती नव्हे. पण दहाच्या मर्यादेतले सहा पेट्रोलनेच खाल्ले, उरले चार. पूर्वी जी बारीकशी चीर दिवा न लावता वर्षानुवर्षं खपून जायची, ती आता दिवा लावते. ‘गेल्या दोन वर्षांतच ही कटकट सुरू झाली’ असं बऱ्याच जुन्या टर्बोवाल्यांकडून ऐकू येतं, त्यामागे माझ्या मते मोठा हात याचाच आहे.

गळती शोधणं

साहित्य: पीव्हीसी पाइपाचं टोपण (हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, एअर फ्लो मीटरच्या पुढच्या होजचं तोंड मोजून न्या), ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप आणि फवाऱ्याच्या बाटलीत साबणपाणी. टोपणाला भोक पाडून व्हॉल्व्ह घट्ट बसवा. इंजिन बंद आणि गार. एअर फ्लो मीटर सोडवून टर्बोकडे जाणाऱ्या होजच्या तोंडात टोपण घाला, जुबली क्लिप आवळा, पंप लावा.

दाब पाच पीएसआयच्या वर नेऊ नका. हीच हवा ब्रीदर पाइपातून (ऑइलची वाफ बाहेर नेणाऱ्या) क्रँककेसमध्येही, म्हणजे इंजिनच्या पोटातही, जाते आणि वीस वर्षांच्या ऑइल सील तिच्यापुढे टिकतीलच असं नाही. काट्यावर दाब चढतच नसेल आणि सायलेन्सरमधून फुसफुस येत असेल तर घाबरू नका, एखाद्या सिलिंडरचे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे राहिलेत. गाडी पाचव्यात टाकून वीतभर पुढे ढकला, आवाज कमी होईल. मग फवारा मारत सुटा.

पहिला संशयित मॅनिफोल्डच्या खालचं ब्रीदर पाइपांचं जंजाळ. वरून हात जात नाही, दिसतही नाही, म्हणून कुणी बदलत नाही. ऑइलच्या वाफेने हे रबर तेलात भिजलेल्या पोळीसारखं होतं: बोटाने दाबलं तर उठत नाही, क्लिपजवळ दुमडून फाटतं. माझ्या गाडीत साबणाचे बुडबुडे आले ते इथेच, वाय आकाराच्या जोडाच्या खालच्या अंगाला. वरून पाइप धडधाकट. मोबाइलचा कॅमेरा खाली सरकवून फोटो काढला तेव्हा नखाएवढी चीर दिसली, आजूबाजूला काळा चिकटा आणि त्यावर आमच्या अंगणातली तांबडी धूळ. धूळ जिथे जाड बसते तिथे तेलाची वाफ बाहेर पडतेय, हे साबणाशिवायही कळतं.

त्याच जंजाळात एक एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. आयडलला क्रँककेसची वाफ मॅनिफोल्डकडे जाऊ द्यायची, टर्बोचा दाब आला की बंद व्हायचं, एवढंच त्याचं काम. काढून तोंडाने फुंकून बघा (आधी पुसा, चव वाईट असते): एकीकडून जायला हवं, दुसरीकडून अजिबात नाही. दोन्हीकडून जात असेल तर घाटात दाबली की बूस्टची हवा थेट क्रँककेसमध्ये घुसते, आणि मग डिपस्टिक वर उचलली जाणं, हेड कव्हरमधून ऑइल पाझरणं असले उद्योग चालू होतात. लोक गॅस्केट बदलत बसतात.

दुसरा संशयित टर्बोच्या तोंडाशी जाणारा मोठा होज. हा एअर फ्लो मीटरच्या नंतर आणि टर्बोच्या आधी, त्यामुळे इथे कायम ओढ असते आणि इथली चीर आयडललाही त्रास देते, चालतानाही. घडीघडीचा जो भाग आहे त्याच्या खोबणीत चीर पडते आणि होज सरळ असताना मिटलेली राहते. दोन्ही हातांनी वाकवूनच बघा.

तिसरा, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, पाय काढला की टर्बोचा जास्तीचा दाब परत वळवणारा. आत रबराचा पडदा असतो, तो वयाने फाटतो. तपासणी मिनिटाची: व्हॉल्व्ह काढा, खालून पिस्टन बोटाने आत दाबा, वरची बारीक नळी दुसऱ्या बोटाने बंद करा आणि पिस्टन सोडा. आतच राहिला तर पडदा शाबूत. हळूहळू बाहेर आला तर नवा आणा.

बारीक व्हॅक्यूम नळ्यांचं काही शोधत बसू नका. कापडाचं वेष्टण असलेल्या सगळ्या मूळ नळ्या एका बैठकीत बदला, मीटरवर मिळतात, खर्च किरकोळ. एकेक काढून तीच लांबी कापून लगेच लावा, सगळ्या एकदम काढल्यात तर कुठली कुठे हे आठवता आठवता रात्र होईल. सिलिकॉनच्या रंगीत नळ्या फक्त कोरड्या व्हॅक्यूमला चालतात. ऑइलच्या वाफेला आणि पेट्रोलला सिलिकॉन अजिबात नाही. पेट्रोलच्या होजवर ‘एसएई जे३० आर९’ अशी छाप असेल तरच घ्या, इंजेक्शनच्या दाबाला आणि इथेनॉलला तोच टिकतो.

आणि गोव्यातला पावसाळा म्हणजे उंदीर आलेच. बाहेर सगळीकडे पाणी, बॉनेटखाली कोरडं आणि उबदार. जून ते सप्टेंबर गाडी ताडपत्रीखाली ठेवणाऱ्यांनी चवथीच्या आसपास एकदा बॉनेट उघडून नळ्यांवर दातांच्या खुणा बघाव्यात. कुंभारीण माशीही कमी नाही, एखादी नळी काढून उघडी ठेवलीत तर दोन दिवसांत आत मातीचं घर. काम अर्धवट राहिलं तर प्रत्येक तोंडात फडक्याचा बोळा घाला, आणि तो काढायची आठवण स्टिअरिंगला बांधा.

एक सावधगिरी. चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. या इंजिनात टर्बो मागच्या बाजूला लाल होईपर्यंत तापतो आणि स्प्रे पेट्रोलइतकाच पेट घेतो. साबणपाण्याने काम होतंय, तेव्हा आग कशाला विकत घ्यायची?

गळती नाहीच सापडली तर

दुसरा आकडा चढलेला असेल तर एअर फ्लो मीटर. त्याच्या वायरचा प्लग काढून एक फेरी मारा. ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडतो, आणि गाडी त्यामुळे *सुधारली* तर मीटर किंवा त्याची वायर दोषी. चांगला मीटर मोकळ्या चढावर, पूर्ण दाबून, रेडलाइनपाशी अश्वशक्तीच्या साधारण ऐंशी टक्के ग्रॅम दाखवतो, म्हणजे या गाडीला सेकंदाला १२०च्या आसपास. नव्वदवर अडकत असेल तर आधी मीटरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने धुऊन बघा. कापूस, काडी, बोट आत घालायचं नाही. तेल लावलेला स्पोर्ट्स एअर फिल्टर असेल तर तो आधी काढा, त्याचं तेल मीटरच्या तारेवर बसतं.

मीटर ठीक निघाला तर पेट्रोल फिल्टर. गाडीखाली टाकीजवळ असतो, समुद्राकडच्या गाड्यांत त्याच्या नळ्यांचे जोड गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

थंड इंजिनला, सकाळी, चावी फिरवून इंजिन चालू न करता कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. पणजीत पहाटे हवा पंचवीस आणि कूलंट साठ दाखवत असेल तर कूलंटचा सेन्सर बाद. फुकटातली तपासणी आहे, तरी कुणी करत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भेग असेल तर तीही फसवते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खरं बोलूनही खोटा ठरतो. थंड इंजिन चालू करताच टिकटिक, आणि गरम झाल्यावर ती गेली, तर संशय तिथे.

मिसिंग असेल तर तो वेगळा खेळ. कोड पी ०३०१ ते ०३०४ पैकी कुठल्या सिलिंडरचा ते बघा, इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्याशी बदला. कोड कॉइलच्या मागे गेला तर कॉइल, जागेवर राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. चेक इंजिनचा दिवा *लुकलुकत* असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो बदलायला गेलात तर बाकी सगळं स्वस्त वाटेल.

खारी हवा आणि पानं

दोन गोष्टी पुण्याच्या मेस्त्रीला चटकन सुचत नाहीत, कारण त्याच्याकडे त्या क्वचित येतात.

एक, अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि तिथून गिअरबॉक्सला जाणारी जाड वायर वरून ठीक दिसते, पण आवरणाच्या आत तांबं हिरवं पडलेलं असतं. सेन्सरचं काम अर्ध्या-पाव व्होल्टच्या फरकावर चालतं, तिथे अर्थिंग डळमळलं की आकडे वाटेल ते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नको), लाल इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर वायर किंवा तिचा जोड खराब. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, पंखा सगळं लावून ०.१च्या आत हवं. जोड खोलून तारेच्या ब्रशने चकचकीत करा, घट्ट आवळा, आणि व्हॅसलिन *नंतर* वरून लावा. आधी नव्हे.

दोन, वायपरखालची पन्हळ. या गाडीचा ईसीयू काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या जाळीखालच्या पोकळीत बसवलाय. पाणी जायला तिथे भोकं आहेत, पण आंबा-फणसाच्या झाडाखाली गाडी उभी राहिली की पानं कुजून त्यांचा लगदा भोकांत बसतो. मग आषाढातल्या एका रात्रीत पोकळीत तळं साचतं आणि ईसीयूच्या प्लगमध्ये पाणी. पाऊस पडला की बिघडते, दोन दिवस ऊन मिळालं की सुधारते, कोड दर वेळी वेगळा, असं असेल तर होजबिज सोडा, आधी ती जाळी उचला. लगदा हाताने काढा आणि तांब्याभर पाणी ओतून चाकामागून खाली पडतंय का बघा. प्लगच्या पिनांवर हिरवं दिसलं तर बॅटरी काढून कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. मे महिन्यात एकदा आणि पावसाच्या मध्यावर एकदा, एवढं पुरतं.

झालं का, हे कसं ओळखायचं

दुरुस्ती झाली की कोड उडवा. बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर त्याच सॉफ्टवेअरमधून थ्रॉटलचं अडॅप्टेशन करा, म्हणजे त्याची स्थिती ईसीयूला नव्याने शिकवा: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला बेसिक सेटिंग ०६०, केबलवाल्याला ०९८. चावी चालू, इंजिन बंद, पाय पेडलवर नको. हे राहिलं तर आयडल तसाही हेलकावे खातो आणि केलेल्या कामावरच संशय येतो.

दिवा लागला नाही म्हणून खूश होऊ नका. ट्रिम शून्यापासून निघालीय, तिला शिकायला वेळ द्या. गरम इंजिनवर दहा मिनिटं आयडल आणि एकसारख्या वेगाने लांबची एक फेरी, साखळीहून केरीपर्यंत जाऊन या. घाट चढायची गरज नाही, ट्रिम हलक्या पायाखालीच शिकते. पेट्रोल दर वेळी त्याच पंपावरचं भरा, नाहीतर इथेनॉलच्या कमी-जास्तीने तुलना फसेल. असं टाकीभर पेट्रोल संपेपर्यंत चालवून मग ०३२ उघडा आणि जुना फोटो शेजारी धरा. माझ्या गाडीत आयडलचा आकडा बाराच्या वरून तीनच्या खाली आला आणि चालत्या गाडीचा पाचाला थांबला. तो पाच इथेनॉलचा, त्याच्या मागे लागलो नाही.

पहिला आकडा अजून आठ-नऊवर असेल तर एक गळती मिळाली, दुसरी बाकी आहे. टोपण आणि साबणपाणी परत काढा, आणि या वेळी ब्रेक बूस्टरची नळी आणि तिच्यातला एकमार्गी व्हॉल्व्हही सोडू नका.